एका दाण्याची वंशावळ : भुईमुगाचे नवे वाण कसे घडले

१/
आफ्रिकेतील मलावी देशात भुईमुगाचा एक लवकर तयार होणारा वाण 'काकोमा' या नावाने पेरला जातो. शेजारच्या झांबियात तोच वाण 'लुएना' म्हणून ओळखला जातो, तर महाराष्ट्रात त्याचे नाव 'फुले प्रगती' असे आहे. तिन्ही नावांमागे नोंदवहीतील नाव एकच : जेएल-२४. यातील 'जेएल' ही अक्षरे जळगावची. पण जळगावच्या नावाने परदेशी गेलेला हा भुईमूग मूळचा जळगावचाही नव्हता. त्याचे बी तैवानहून आले होते.

२/
पिकाचा 'नवा वाण' प्रयोगशाळेत कोणीतरी शोधून काढतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. भुईमुगाचा इतिहास निराळे सांगतो. नवे रूप सापडणे हा त्यातील लहानसा भाग. त्या रूपाची वर्षानुवर्षे पारख करणे, शेकडो रूपे टाकून एखादेच राखणे आणि राखलेल्याचे बी शेतापर्यंत पोहोचवणे, हे खरे काम. या कामाची सगळी अडचण मात्र एका फार जुन्या घटनेत दडलेली आहे.

३/
सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत, आजच्या दक्षिण बोलिव्हिया व उत्तर अर्जेंटिनाच्या परिसरात, भुईमुगाच्या दोन रानटी जातींचा संकर झाला. अरॅकिस ड्युरानेन्सिस आणि अरॅकिस इपाएन्सिस ही त्यांची शास्त्रीय नावे. दोघींमध्ये प्रत्येकी २० गुणसूत्रे होती. संकरातून जन्मलेल्या रोपात ती दुप्पट होऊन ४० झाली. आज जगभर पिकणारा भुईमूग हा या घटनेचा वंशज होय.

४/
या जन्मकथेचा परिणाम दूरगामी ठरला. ४० गुणसूत्रांचे हे नवे झाड २० गुणसूत्रांच्या आपल्या रानटी गोतावळ्यापासून तुटले, कारण त्यांच्याशी संकर झालाच तर संतती वांझ निपजते. त्यातच भुईमुगाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे बाहेरचे रक्त कुळात येण्याची वाट जवळजवळ बंद झाली. मोठा विस्तार असलेले, पण आतून अरुंद असे हे घराणे. नवा रोग आला की त्याच्याशी झुंजण्याचे सामर्थ्य घरात शोधावे, तर घरात फारसे काही नाही!

५/
माणसाने मात्र या पिकाला फार जिव्हाळ्याने जपले. पेरूमधील सिपान येथे १९८७ मध्ये उजेडात आलेल्या मोचे संस्कृतीतील अधिपतीच्या थडग्यात सोन्याचांदीच्या भुईमूगशेंगांची माळ मिळाली. पुढे युरोपीय जहाजांबरोबर हे पीक आफ्रिकेत व आशियात पसरले. मराठीने त्याला दिलेले नाव त्याचे वैशिष्ट्य नेमके टिपते. फूल वर उमलते, मग त्याच्या तळाशी आरी सुटते, ती मातीत शिरते आणि शेंग भुईच्या पोटात धरते.

६/
एकोणिसाव्या शतकात युरोपातील तेलाच्या गिरण्यांनी मागणी वाढवली आणि मद्रास व मुंबई इलाख्यांत भुईमूग नगदी पीक झाला. शतकाच्या अखेरीस मात्र लागवड घसरू लागली. पानांवर काळपट ठिपके पाडणारा टिक्का रोग आणि त्याच त्या जुन्या बियाण्याचा घटता कस, ही कारणे पुढे आली. शेती खात्याने परदेशी बी मागवले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात 'स्पॅनिश', 'स्मॉल जपान' आणि 'बिग जपान' या जातींची लागवड करून पाहण्यात आली. उपट्या स्पॅनिश जाती पसऱ्या जातींहून लवकर तयार होत, हा त्यांचा मोठा गुण ठरला.

७/
बाहेरचे बी आणणे आणि त्यातून चांगले निवडणे, ही वाणनिर्मितीची पहिली वाट. तामिळनाडूतील तिंडिवनम येथे 'गुडियात्तम बंच' या उपट्या भुईमुगातून सरस झाडे वेचून त्यांचे बी एकत्र वाढवण्यात आले. यालाच समूह निवड म्हणतात. त्यातून १९४० मध्ये टीएमव्ही-२ हा वाण प्रसारित झाला. निवडीत नवे काही निर्माण होत नाही. जे आहे त्यातील सरस तेवढे वेगळे होते. तरीही हा वाण किती काळ टिकला, हे पुढे येईलच.

८/
दोन वाणांचे गुण एकत्र आणायचे तर संकर करावा लागतो, आणि भुईमुगात ते फार नाजूक काम आहे. फूल पहाटे उमलते. म्हणून आदल्या संध्याकाळीच कळी चिमट्याने अलगद उघडून तिच्यातील परागकोश काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्या पित्याचे पराग तिच्यावर ठेवतात. एवढे करून एका फुलातून फार तर एक शेंग मिळते, तीत दोन-तीन दाणे. एसबी-११ हा १९६५ च्या सुमारास प्रसारित झालेला आणि महाराष्ट्रात दीर्घकाळ पेरला गेलेला उपट्या वाण अशाच संकरातून आला.

९/
जेएल-२४ ची कथा मात्र निवडीची आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक नमुन्याला भारतात 'ईसी' हा नोंदक्रमांक मिळतो. तैवानच्या नमुन्याचा क्रमांक होता ईसी ९४९४३. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात त्यातून निवड झाली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'फुले प्रगती' प्रसारित झाला. लवकर तयार होणे हे त्याचे बळ. पाऊस लवकर संपणाऱ्या मुलखात जे झाड आपले काम आधी उरकते, तेच शेतकऱ्याला तारते. म्हणूनच खानदेशात पारखलेला गुण मलावी-झांबियातही उपयोगी ठरला.

१०/
पण एखादा वाण खरोखरच सरस आहे, हे ठरवायचे कसे? शेत फसवे असते. एका कोपऱ्यातील माती कसदार, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी साचलेले. तिथे दिसलेला फरक वाणाचा की जमिनीचा? या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर दिले ते इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी. प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत पेरायचा आणि कोणता वाफा कोणाला, हे चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने ठरवायचे. मग जमिनीचा पक्षपात मोजता येतो आणि वजाही करता येतो.

११/
ही पद्धत भारतीय शेतीसंशोधकांच्या हाती देण्यात दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी शेतीसंशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील पिढ्यांतील पीक-पैदासकारांचा तो हाताशी ठेवायचा ग्रंथ बनला.

१२/
१९६७ मध्ये तेलबियांसाठी अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. नवा भुईमूग एका केंद्रावर जिंकला एवढ्याने भागेना. निरनिराळ्या राज्यांत, निरनिराळ्या हंगामांत, प्रस्थापित वाणाच्या शेजारी उभे राहून त्याला आपली योग्यता सिद्ध करावी लागे. शेंगांचे उत्पादन, सोलल्यावर पडणारा दाण्याचा उतारा, शंभर दाण्यांचे वजन, तेलाचे प्रमाण, पक्व होण्याचे दिवस, रोगाची तीव्रता, सगळ्याची नोंद होते. बहुतेक उमेदवार वाटेतच गळतात. हे गळणे हाच पारखीचा हेतू होय.

१३/
दुसरी वाट किरणांची. क्ष-किरणांनी आनुवंशिक गुण बदलता येतात, हे हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर आणि लुइस स्टॅडलर यांनी पुढच्याच वर्षी सातूवर दाखवले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात वॉल्टन ग्रेगरी यांनी १९४९ मध्ये भुईमुगाच्या बियांना क्ष-किरण दिले आणि पुढील पिढीतील लाखो झाडे तपासली. यातील बहुतेक बदल अपायकारक असतात. लाखांच्या गर्दीतून कामाचे झाड ओळखणारी नजर आणि चिकाटी हीच येथील पुंजी. त्या प्रयोगांतून १९५९ मध्ये एनसी-४एक्स हा वाण प्रसारित झाला.

१४/
मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे १९५४ मध्ये अणुऊर्जा संस्था उभी राहिली. तीच १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र. तेथे डॉ. एस. एच. पाटील यांनी 'स्पॅनिश इम्प्रूव्हड' या जातीच्या बियांवर क्ष-किरणांचे प्रयोग केले. मिळालेल्या विविध रूपांचे वर्णन १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतील एक टपोऱ्या दाण्याचे रूप १९७३ मध्ये टीजी-१ म्हणजेच 'विक्रम' या नावाने प्रसारित झाले. 'टीजी' म्हणजे ट्रॉम्बे ग्राउंडनट.

१५/
येथे एक गैरसमज दूर करायला हवा. किरण दिलेल्या बियांपासून निपजलेला भुईमूग किरणोत्सर्गी नसतो. क्ष-किरण बीजातून जातात आणि संपतात. मागे उरतो तो केवळ गुणसूत्रातील बदल. असे बदल निसर्गातही घडतच असतात, पण फार क्वचित. किरणांनी त्यांची संख्या वाढते, इतकेच. कोणता बदल घडावा, हे मात्र किरण ठरवू शकत नाहीत. म्हणून त्यानंतरचे सारे काम पुन्हा निवडीचे आणि पारखीचेच राहते.

१६/
ट्रॉम्बेच्या संशोधकांनी पुढे ही नवी रूपे एकमेकांशी संकरित केली. त्यातून १९९० च्या दशकाच्या आरंभी टीएजी-२४ आला. नावातील 'ए' अकोल्याचा, कारण तेथील कृषी विद्यापीठ या कामात सहभागी होते. हे झाड ठेंगणे. पाने-फांद्या कमी आणि शेंगा जास्त, अशी त्याची ठेवण. तयार झालेल्या अन्नाचा मोठा हिस्सा ते शेंगांकडे वळवते. उन्हाळी हंगामात पाणी देऊन घेतलेल्या पिकात हा गुण विशेष फळला. कोकण कृषी विद्यापीठाबरोबर टीकेजी-१९ए, तर लातूरच्या केंद्राबरोबर टीएलजी-४५ घडला.

१७/
उत्पादनापलीकडचे गुणही किती मोलाचे असतात, याचे उदाहरण म्हणजे टीजी-२६. उपट्या स्पॅनिश जातींच्या दाण्याला विश्रांतीचा काळ जवळजवळ नसतो. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की शेंगेतले दाणे जमिनीतच उगवू लागतात आणि हाताशी आलेले पीक डोळ्यांदेखत वाया जाते. टीजी-२६ च्या ताज्या दाण्याला सुमारे २० दिवसांची सुप्तावस्था आहे. कागदावर क्षुल्लक वाटणारे हे वीस दिवस अवकाळी पावसात संपूर्ण हंगाम वाचवू शकतात.

१८/
तरीही एक शत्रू हटत नव्हता. टिक्का जुनाच होता. त्यात १९७० च्या सुमारास अमेरिका खंडातून बाहेर पडलेला तांबेरा आशिया-आफ्रिकेत पसरला. दोन्ही रोग एकत्र आले तर निम्म्याहून अधिक पीक हातचे जाऊ शकते. निवड करून, किरण देऊन भुईमुगाच्या घराण्यात पुरेसे बळ सापडेना. मग दहा हजार वर्षांपूर्वी तुटलेल्या रानटी गोतावळ्याकडे वळणे भाग पडले. ही तिसरी वाट.

१९/
या वाटेवर पुन्हा ग्रेगरी भेटतात. अर्जेंटिनाचे अंतोनिओ क्रापोविकास आणि पिएत्रारेली यांच्यासह त्यांनी बोलिव्हियात अरॅकिस कार्डेनासी या रानटी जातीचे बी गोळा केले. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या नमुन्याचे नाव पडले जीकेपी १००१७. १९६० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनात त्याचा भुईमुगाशी संकर करण्यात आला. ४० आणि २० गुणसूत्रांच्या मीलनातून आले ३० गुणसूत्रांचे वांझ रोप. गुणसूत्रे दुप्पट करून ते ६० चे, म्हणजे पुन्हा फळणारे, केले गेले. पुढील पिढ्यांत जादा गुणसूत्रे गळत जाऊन ४० ची झाडे मिळाली, आणि त्यांतील काहींत रानटी जातीचा रोगप्रतिकार शिल्लक राहिला.

२०/
हे बी देशोदेशींच्या संशोधकांत फिरले. हैदराबादजवळ १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यावर काम पुढे नेले. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने केआरजी-१ हा वाण आणि कार्डेनासीचा वारसा असलेले सीएस-१६ हे वाणरूप यांच्या संकरातून जीपीबीडी-४ घडवला. टिक्का आणि तांबेरा या दोहोंना तो चांगला तोंड देतो. बोलिव्हियातील रानवेलीचा गुण धारवाडच्या शेतात उतरायला चार दशके लागली.

२१/
इतके करूनही वाण शेतात पोहोचेल याची खात्री नसते, कारण भुईमुगाचे बी फार हळू वाढते. हेक्टरी सुमारे १०० किलो दाणे पेरावे लागतात आणि एका हंगामात बी ढोबळमानाने दसपट होते. हिशेब करून पाहावा : एक किलो बियाण्यापासून एक लाख हेक्टर पेरण्यापुरते, म्हणजे एक कोटी किलो बी करायचे, तर सात पिढ्या लागतात. तीही एक दाणा न खाता, न विकता! ज्वारीचे बी हेक्टरी दहा किलो पुरते आणि ते शंभरपट झाले, तर तेवढ्याच क्षेत्राला तीन पिढ्या पुरतात.

२२/
आंध्रातील कोरडवाहू अनंतपूर जिल्ह्यात या हिशेबाचा प्रत्यय येतो. १९४० चा टीएमव्ही-२ तेथे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातही मोठ्या क्षेत्रावर उभा होता. दरम्यान अनेक सरस वाण प्रसारित झाले होते. पण ज्याचे बी गावात मिळते आणि ज्याची वागणूक दुष्काळात ठाऊक आहे, तोच वाण शेतकरी पेरतो. यात हटवादीपणा नाही. ज्याच्याकडे दुसऱ्या पेरणीपुरते बी नाही, त्याने केलेली ती स्वतःची पारख आहे.

२३/
पारखीचे निकषही काळानुसार बदलत गेले. आधी उत्पादन, मग दाण्याचा आकार, मग रोगप्रतिकार. अलीकडे तेलाचा दर्जा. फ्लोरिडात सापडलेल्या एका नैसर्गिक बदलामुळे शेंगदाणा तेलातील ओलेइक आम्लाचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि तेल लवकर खवट होत नाही. इक्रिसॅट व जुनागढच्या संशोधन संस्थेने तो गुण भारतीय भुईमुगात आणला. २०२० मध्ये 'गिरनार-४' आणि 'गिरनार-५' हे वाण पुढे आले.

२४/
२०१४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तांबेऱ्याला रोखणारा जीपीबीडी-४ मधील जनुकीय भाग तीन लोकप्रिय वाणांत उतरवण्यात यश आल्याचे त्यात नोंदले होते. ते वाण होते आयसीजीव्ही-९१११४, जेएल-२४ आणि टीएजी-२४. म्हणजे तैवानहून येऊन जळगावात निवडलेला दाणा, ट्रॉम्बेच्या किरणांतून निघालेला दाणा आणि बोलिव्हियाची रानवेल, या तिन्ही वाटा अखेर एका कुळात येऊन मिळाल्या.

२५/
२०२१ मध्ये संशोधकांनी जीकेपी १००१७ या एकाच रानटी नमुन्याचा माग काढला, तेव्हा त्याचा वारसा आफ्रिका, आशिया, ओशनिया आणि अमेरिका खंडांतील वाणांत आढळला. त्याच अभ्यासाने एका अडचणीकडेही बोट दाखवले. १९९२ च्या जैवविविधता करारानंतर देशोदेशींच्या कायद्यांनी बियाण्यांच्या देवघेवीवर बंधने आणली. आपल्या जैवसंपत्तीवर आपला हक्क असावा, ही बोलिव्हियासारख्या देशांची मागणी न्याय्य आहे, कारण बाहेरच्यांनी फुकट नेल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. पण पूर्वीच्या मोकळ्या देवघेवीतून जे घडले, ते आजच्या नियमांत घडणे कठीण, हेही तितकेच खरे.

२६/
ज्या पिकाचे मूळ कूळच अरुंद आहे, त्याला हा पेच टाळता येत नाही. पुढचा रोग येईल तेव्हा त्यावरचा उपाय कदाचित पुन्हा एखाद्या दूरच्या डोंगरउतारावरील रानवेलीत असेल. ती वेल तोवर जगली पाहिजे, तिचे बी न्याय्य अटींवर हाती आले पाहिजे, आणि आल्यावर दहा-वीस वर्षे निमूटपणे वाफे मोजणारी माणसे असली पाहिजेत. चिवड्यातल्या आणि खिचडीतल्या साध्या शेंगदाण्यामागे या तिन्ही गोष्टींचा इतिहास उभा आहे.